मास्तर वर्गात नुसते फिरत नसतात

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मध्यंतरी आपल्या वाचकांच्या पत्रांत एका पालकांचं पत्र वाचलं. त्यांचा मुलगा कला-डिझाइनच्या विद्यापीठात आहे, ते एकदा तिथे जाऊन आले आणि त्यांना प्रश्न पडला की इथे शिकवतात तरी काय, फळ्यावर काही लिहिलेलं नाही, पोरं आपापली बसलीत, मास्तर हात मागे बांधून टेबलांमधून फिरतायत, कुणापाशी थांबतायत, दोन शब्द बोलतायत, पुढे जातायत. पत्रात राग नव्हता, काळजी होती, म्हणून मला उत्तर द्यावंसं वाटलं. मी बावीस वर्षं अशाच एका विद्यापीठात सिरॅमिक शिकवते आणि ते हात मागे बांधणं म्हणजे नेमकं काय, हे एकदा कुणीतरी नीट सांगायला हवं असं मला खूप दिवस वाटत होतं.

तर आमच्या कामातला सगळ्यात अवघड भाग म्हणजे पोरांच्या कामाला हात न लावणं. मला माहितीये हे ऐकायला कसं वाटतं. फी भरून मुलाला पाठवायचं आणि मास्तर म्हणणार मी हात लावत नाही. पण एक प्रसंग सांगते, जरा बारकाईनं सांगते, म्हणजे कळेल.

दुसऱ्या वर्षाची एक मुलगी, झाकणाची किटली करत होती. तोटी छान जमली होती, टोकाची कड धारदार ठेवली होती म्हणजे ओतणं थांबवलं की पाणी तिथंच तुटतं, खाली ओघळत नाही, हे तिचं तिनं शोधून काढलेलं. किटलीचं भांडं चाकावर करून ठेवलं आणि मग तोटी-कान यात आठ दिवस गेले आणि झाकण राहिलं. आठ दिवसांनी तिनं कॅलिपर, म्हणजे माप घ्यायचा चिमटा, घेऊन तोंडाचं माप घेतलं आणि त्या मापाचं ओल्या मातीचं झाकण केलं. मी शेजारीच उभी होते. ज्यांनी माती हाताळलीये त्यांना कळलंच असेल काय होणार ते. माती वाळताना आक्रसते, भाजताना आणखी आक्रसते. भांडं आठ दिवसांत वाळून आधीच लहान झालेलं, आणि त्या लहान झालेल्या मापाचं झाकण आता ओलं, ते इथून पुढे आक्रसणार. म्हणजे भट्टीतून निघेल तेव्हा झाकण थेट किटलीच्या पोटात पडणार. म्हणून तर भांडं नि झाकण एकाच वेळी, एकाच मातीत करायचं आणि एकत्र वाळवायचं असतं.

हे एका वाक्याचं काम होतं. ओठावर आलेलं. मी एवढंच विचारलं, झाकण कधी केलंस गं? ती म्हणाली आज. मी म्हटलं, बरं, भांड्याची आणि झाकणाची तारीख वहीत लिहून ठेव.

पुढचे दिवस मला फार जड गेले. तिचं सबमिशन जवळ आलेलं, ती मन लावून ग्लेझचे, म्हणजे भांड्यावरच्या काचेसारख्या चकाकीच्या लेपाचे, नमुने करत बसलेली आणि मला माहितीये की हे सगळं फुकट जाणारे. शेवटी भट्टी उघडली, झाकण आत पडलं. ती रडली नाही पण बराच वेळ गप्प बसली, ते झाकण आतल्या आत फिरवत. मग वही काढली. तारखा बघितल्या. आणि अर्ध्या तासानं माझ्याकडे येऊन म्हणाली, मॅडम, भांडं आधीच आक्रसलं होतं ना? मी म्हटलं किती? तर ते तिला माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर हिनं मातीच्या पट्ट्या केल्यात, प्रत्येकीवर बरोबर १० सेंटीमीटरची रेघ ओढलीये, वाळल्यावर मोजायची, भाजल्यावर पुन्हा मोजायची. वाळल्यावर ९.४ भरली, भाजल्यावर ८.८. जगभरातले कुंभारकाम करणारे आणि कारखानेवाले मातीची चाचणी नेमकी याच पद्धतीनं करतात आणि ही पद्धत मी तिला शिकवलेली नव्हती, माझ्या लेक्चरमध्ये ती पुढच्या महिन्यात येणार होती. आता मला सांगा, मी ते एक वाक्य बोलून टाकलं असतं तर तिची ती किटली वाचली असती, पण त्या पट्ट्या झाल्या नसत्या. नंतर ती दुसरी माती वापरायला लागली, तिसरी वापरायला लागली, दर वेळी आधी पट्ट्या. मला विचारायला आली नाही. यायची गरजच नव्हती.

याचा अर्थ सगळीकडे गप्प बसायचं असा मुळीच नाही. ओलसर भांडं भट्टीत चाललं असेल तर तिथल्या तिथे थांबवायचं, कारण आतल्या पाण्याची वाफ होऊन ते फुटतं आणि सोबत दुसऱ्यांची पाच-दहा भांडी घेऊन जातं. भट्टी गरम असताना दार उघडायला कुणी गेलं की ओरडायचं. ५७३ अंश सेल्सिअसपाशी मातीतला क्वार्ट्झ, म्हणजे गारेचा अंश, आकार बदलतो, तिथे तापवायची किंवा थंड करायची घाई केली तर भांड्याला केसासारखी चीर जाते, हे पहिल्याच आठवड्यात फळ्यावर लिहून सांगायचं, ते कुणी अनुभवातून शिकायची वाट बघत बसायचं नसतं. कुठली चूक शिकवणारी आणि कुठली नुसती नुकसान करणारी, हे ओळखणं म्हणजे आमची नोकरी. आणि ते कायम ओळखता येतं असंही नाही. एका मुलाच्या बाबतीत माझं साफ चुकलं. तो दोन आठवडे टेबलापाशी नुसता बसून असायचा, मला वाटलं विचार करतोय, करू दे, आणि तो पार अडकून पडला होता, त्याला कुणीतरी येऊन म्हणायला हवं होतं की चल, आज आपण दोघं मिळून माती मळू. ते मी म्हटलं नाही. तो नंतर कोर्स सोडून गेला. मला ते आजही बोचतं, आणि तेव्हापासून मी गप्प बसलेल्या पोराच्या शेजारी जाऊन आधी स्टूल ओढून बसते.

मी स्वतः शिकत होते तेव्हाची गोष्ट. पहिल्या वर्षाला ड्रॉइंगचे एक सर होते, हात अतिशय सुंदर. माझं चित्र बघितलं, काही न बोलता माझ्या हातातली पेन्सिल घेतली आणि माझ्याच कागदावर खांद्याची रेघ दुरुस्त केली, मग मान, मग हात, दहा मिनिटांत चित्र झकास झालं. त्याला चांगले मार्क पण मिळाले. ते चित्र मी घरी कुणाला दाखवू शकले नाही. लोक छान म्हणायचे आणि मला आत कसंतरी व्हायचं, कारण त्यात छान होतं ते सगळं सरांचं होतं. खांद्याची ती रेघ मला पुढे तीन वर्षं जमली नाही. सरांचा हेतू वाईट नव्हता, त्यांना त्यांच्या गुरूंनी तसंच शिकवलं असणार, पण वर्गात पोराच्या हातातलं हत्यार घ्यायचं नाही हे मी त्या दिवशी ठरवलं. दाखवायचं असेल तर वेगळ्या कागदावर.

या बाबतीत बंगालमधले चित्रकार अवनींद्रनाथ ठाकूर आणि त्यांचे शिष्य नंदलाल बोस यांची गोष्ट मी दर वर्षी नव्या शिक्षकांना सांगते. नंदलालांनी तप करणाऱ्या उमेचं चित्र काढलं होतं. गुरू बघायला गेले, त्यांना ते फार रुक्ष वाटलं, म्हणाले थोडा साज चढव हिला. घरी आले आणि रात्रभर झोप लागेना. नंदलालला त्याची उमा तपस्विनीच दिसली असेल तर तिला मी नटवायला सांगणारा कोण, असं वाटायला लागलं आणि सकाळ होताच ते धावत गेले, की त्यानं ब्रश लावायच्या आत त्याला थांबवावं. चित्र वाचलं. एवढा मोठा माणूस, एका वाक्यासाठी रात्र जागला. शिक्षक म्हणून माझ्यावर कुठल्याही ट्रेनिंगपेक्षा या गोष्टीचा जास्त परिणाम झालाय.

आता त्या पालकांचा दुसरा मुद्दा, की सिलॅबस कुठे आहे. आहे. पण तो धड्यांचा नसतो, ब्रीफचा असतो. म्हणजे काम द्यायचं असं की ते करताना जे कळायला हवं त्याच्यापाशी पोरगं स्वतःच्या पायानं जाऊन पोचेल. याचं माझं सगळ्यात आवडतं उदाहरण जोझेफ आल्बर्स यांचं. वाल्टर ग्रोपिउस यांनी १९१९ मध्ये जर्मनीत वायमारला बाउहाउस ही कला-डिझाइनची शाळा काढली, तिथे सगळ्यांना आधी एक पायाभूत कोर्स करावा लागायचा आणि पुढे तो आल्बर्स शिकवायचे. ते वर्गात वर्तमानपत्रांचा गठ्ठा घेऊन आले, होय, वर्तमानपत्रंच, आणि म्हणाले यातनं काहीतरी करा, पण कागदाचा मान राखा, त्याचा गुण ओळखा, शक्यतो कात्री नको, गोंद नको. आणि निघून गेले. काही तासांनी परत आले तर कुणी किल्ला केलेला, कुणी बोट, कुणी विमान. आल्बर्स म्हणाले हे लाकडात किंवा पत्र्यात जास्त चांगलं झालं असतं. मग एका मुलाचा कागद उचलला, त्यानं काय केलं होतं तर कागद उभा घडी घालून पडद्यासारखा नुसता उभा केला होता. त्यांनी तो सगळ्यांना दाखवला, की बघा, लोळागोळा होणारा कागद एका घडीनं उभा राहिला, हा कागदाचा गुण. मी हा प्रयोग आपल्याच पेपरच्या जुन्या अंकांवर दर वर्षी करते. दर वर्षी बोटी होतात, आणि दर वर्षी कुणीतरी एक जण तो कागद उभा करतो. त्या दोन तासांत मी अक्षरशः काही शिकवलेलं नसतं आणि त्यानंतर मुलं कागदाला, मातीला, कापडाला विचारायला लागतात की बाबा तुला काय येतं.

हेच आल्बर्स पुढे १९३३ मध्ये बाउहाउस बंद पडल्यावर अमेरिकेत ब्लॅक माउंटन कॉलेजमध्ये गेले, इंग्रजी धड येत नव्हतं, काय शिकवणार विचारलं तर म्हणाले डोळे उघडायचं. लोकांना वाटतं छान वाक्य आहे, पण मला ते सरळ कामाचं वर्णन वाटतं. आम्ही तेच करतो, पद्धतशीर करतो, तास लावून करतो.

आणि मग क्रिट, म्हणजे क्रिटीक, सगळ्यांसमोर कामाची चर्चा. याबद्दल बाहेर फार कमी बोललं जातं म्हणून थोडं लिहिते. ठराविक दिवशी सगळ्यांनी आपापलं काम भिंतीवर किंवा टेबलावर मांडायचं आणि सगळ्यांनी सगळ्यांच्या कामाबद्दल बोलायचं. पूर्वी फ्रान्समधल्या बोझार या कला आणि आर्किटेक्चरच्या शाळेत हे बंद दारामागे चालायचं, मुलं ड्रॉइंग्ज द्यायची, परीक्षक आत बसून निकाल लावायचे, मुलाला का पास का नापास ते कळायचंच नाही. ड्रॉइंग गोळा करायला तिथे गाडा यायचा, त्याला शारेट म्हणत, आणि आर्किटेक्चरची मुलं सबमिशनच्या आधीच्या जागरणाला अजून तोच शब्द वापरतात. पुढे दार उघडलं आणि बोलणं मुलासमोर व्हायला लागलं, माझ्या मते आमच्या शिक्षणातली सगळ्यात मोठी सुधारणा हीच. संगीतात हे त्याआधीच होतं. प्रसिद्ध पियानोवादक फ्रांझ लिस्ट वायमारमध्येच १८६९ पासून शिष्यांना एकत्र बसवून शिकवायचा, एकानं वाजवायचं, बाकीच्यांनी ऐकायचं, दुसऱ्याला सांगितलेलं आपण शिकायचं, आणि त्याचे पैसे तो घेत नसे.

पण दार उघडलं म्हणून सगळं चांगलं झालं असं नाही. क्रिटमध्ये पोरं मोडतात. मी बघितलीयेत. बाहेरून आलेला परीक्षक मिनिटभर बघतो, एक झणझणीत वाक्य टाकतो, लोक हसतात, तो पुढे जातो, आणि ज्याचं काम आहे तो त्या वाक्यासोबत वर्षभर राहतो. काही जणांना वाटतं याच्यानं मुलं कणखर होतात. मला ते पटत नाही, मुलं याच्यानं फक्त सावध होतात, आणि सावध झालेलं मूल पुढच्या वेळी तेच मांडतं जे कुणाला खटकणार नाही. म्हणून माझ्या वर्गात एक नियम आहे, पहिली पाच मिनिटं आवडलं-नावडलं हा शब्द काढायचा नाही, फक्त दिसतंय काय ते सांगायचं. ऐकायला सोपं वाटतं, करून बघा. मागे एका मुलीनं तिच्या आजीच्या हातांवरून पाच वाडगी केली होती, ती स्वतः अजिबात बोलणारी नाही. वर्गानं सांगायला सुरुवात केली. कड एका बाजूला खाली गेलीये. आत बोटांचे ठसे आहेत, बाहेर नाहीत. पाचवं वाडगं बाकीच्यांपेक्षा पातळ आहे. इथे ती पहिल्यांदा बोलली, म्हणाली पातळ नाहीये, आणि उठून हातात घेतलं आणि थांबली, कारण होतं पातळ. तिला स्वतःला माहीत नव्हतं. ते करताना हात हलका होत गेला होता. त्या पातळपणातून तिचं पुढचं वर्षभराचं काम निघालं. हे मी सांगू शकले नसते, मला ते दिसलंच नव्हतं, वर्गातल्या एका मुलाला दिसलं.

अमेरिकेतले डोनाल्ड शॉन म्हणून अभ्यासक होते, त्यांनी आर्किटेक्चरच्या स्टुडिओत मास्तर आणि विद्यार्थी ड्रॉइंगवर वाकून काय बोलतात हे फार बारकाईनं तपासलं आणि १९८० च्या दशकात मांडलं की डॉक्टर, इंजिनिअर अशा इतर व्यवसायांच्या शिक्षणानंही यातून शिकण्यासारखं आहे, काम करता करताच विचार करायचा असतो. म्हणजे जे त्या पालकांना रिकामं फिरणं वाटलं त्याचा असा अभ्यास झालेला आहे.

अजून एका माणसाबद्दल लिहिल्याशिवाय हे पत्र पुरं होणार नाही. वर्कशॉपमधले टेक्निशियन. माझ्या किटलीवाल्या मुलीच्या पट्ट्या कुठल्या फळीवर, भट्टीच्या कुठल्या कोपऱ्यात ठेवायच्या, कारण प्रत्येक कोपऱ्याचं तापमान वेगळं, हे तिला मी नाही सांगितलं, आमच्या भट्टीवाल्या दादांनी सांगितलं. ते आवाजावरून आणि आतल्या रंगावरून भट्टी कुठवर आलीये ते सांगतात आणि पोरांना ते ऐकायला, बघायला शिकवतात. बाउहाउसच्या सुरुवातीच्या काळात प्रत्येक वर्कशॉपला दोन मास्तर असायचे, एक आकाराचा नि एक कारागिरीचा, कल्पना किती योग्य होती, आणि तरी निर्णयाच्या मंडळात कारागिरीच्या मास्तरांना बरोबरीचं मत नव्हतं. शंभर वर्षं उलटून गेली. दादांचं नाव आजही शिक्षकांच्या यादीत नसतं, मार्कांच्या मीटिंगला त्यांना बोलावत नाहीत, आणि पैसे कमी करायचे ठरले की पहिली कात्री वर्कशॉपच्या वेळेला लागते. हे चूक आहे, हे मी मीटिंगमध्येही बोलते आणि इथेही लिहिते.

आणि कात्री सगळीकडेच लागतेय. वर्गात पोरं वाढतात, स्वतःचं टेबल जाऊन आज इथे उद्या तिथे असं होतं, स्टुडिओ संध्याकाळी लवकर बंद होतो. वरनं बघणाऱ्याला वाटतं एका लेक्चरला साठ बसले काय नि शंभर बसले काय. लेक्चरला चालेलही. पण मला प्रत्येक पोराचं झाकण कुठल्या तारखेचं आहे ते माहीत असायला हवं, तरच मला गप्प बसता येईल ना! पंधरा-वीस जणांपर्यंत ते डोक्यात राहतं. चाळीस झाले की मी पण सरांसारखी पेन्सिल हातात घेणार, दुरुस्त करून देणार आणि पुढे जाणार, कारण तेच झटपट होतं. मग बाहेर पडणारी कामं दिसायला चांगली दिसतील आणि कुणाच्या लक्षातही येणार नाही की काय गेलं.

आता तर पोरं दोन ओळी टाइप करून मशीनकडून चकाचक चित्रं काढून आणतात. त्याबद्दल लोक मला घाबरून विचारतात. मला त्याची भीती वाटत नाही, कारण आम्ही चित्राला मार्क देतच नाही, किंवा फार थोडे देतो. आम्ही वही बघतो. आधी काय केलंस, ते का सोडलंस, या पानावरनं त्या पानावर कसा गेलास. ज्याच्याकडे वही नाही त्याच्याशी बोलायला आम्हाला काही उरत नाही. ज्या पोरांनी मशीन वापरून पण वीस प्रयत्न टाकून दिलेत आणि का टाकले ते लिहिलंय, त्यांच्याशी तासभर बोलता येतं.

त्या पालकांना माझी एक विनंती आहे. पुढच्या वेळी मुलगा सुट्टीत घरी आला की मार्क नका विचारू, त्याची वही मागा. बहुतेक तो आधी नाही म्हणेल, कारण त्यात फसलेलंच जास्त असतं. दाखवली तर सगळी पानं बघा, खाडाखोड केलेली तर आधी बघा, आणि हे का खोडलंस एवढंच विचारा. तो बोलायला लागला की थांबणार नाही. आणि शक्य झालं तर एकदा क्रिटच्या दिवशी विद्यापीठात या, आम्ही पालकांना मागे बसू देतो, बऱ्याच ठिकाणी बसू देतात, फक्त आधी विचारून या.

आपली विश्वासू,
एक सिरॅमिक शिक्षिका
(माझ्या विद्यार्थ्यांची ओळख पटू नये म्हणून कृपया नाव छापू नये.)